बंदर नसलेल्या गावाची गोदामे

कोल्हापूरहून मिरजेकडे पॅसेंजर निघाली की गावाच्या हद्दीतच एक छोटे स्टेशन लागते. नाव 'गूळ मार्केट'. देवांच्या, राजांच्या आणि नद्यांच्या नावाची स्टेशने आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण मालाच्या नावाचे स्टेशन विरळा. या मार्गावर एके काळी कशासाठी गाड्या भरत होत्या, ते या पाटीवरून कळते.

गोदामांच्या बाजाराविषयी हल्ली जे छापून येते ते भिवंडी, पनवेल, चाकण या पट्ट्याबद्दल असते. किती लाख चौरस फूट भाड्याने गेले, कोणत्या ऑनलाइन कंपनीने किती जागा घेतली, न्हावा शेवा बंदरापासून किती अंतर, असा सगळा मामला. त्यात कोल्हापूरचे नाव क्वचितच येते. समुद्र इथून काही फार लांब नाही, पण मध्ये सह्याद्री उभा आहे. तरीही साठवलेल्या मालाची किंमत मोजायला बसलो तर हा जिल्हा राज्यात बराच वर येईल. फरक इतकाच की इथली मोठी गोदामे भाड्याने मिळत नाहीत, म्हणून ती बाजाराच्या आकड्यांत दिसत नाहीत. कुठला माल थांबतो, कशामुळे थांबतो आणि थांबण्याचा खर्च कोण सोसतो, हे पाहिले की हे कोडे सुटते.

रेल्वे येण्यापूर्वी कोल्हापूरची बंदरे होती ती घाटाखाली. फोंडा, गगनबावडा, आंबा या घाटांनी बैलांचे तांडे उतरत आणि राजापूर, खारेपाटण, मालवण, वेंगुर्ला इथे माल पोचवत. खाली गूळ आणि तंबाखू जाई. वर मीठ, नारळ, सुकी मासळी, परदेशी कापड, धातू येत. राजापुरात इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या मध्याला वखार घातली, तीही घाटावरून येणाऱ्या मालावर डोळा ठेवूनच. या व्यापाराचे एक वेळापत्रक ठरलेले होते. पावसाळ्यात समुद्र बंद, घाटही बंद. म्हणजे वर्षातले तीन-चार महिने माल कुठेतरी थांबणार हे नक्की. तो घाटाखाली, बंदराच्या काठी थांबवायचा की घाटमाथ्यावर कोरड्या हवेत, हा व्यापाऱ्यासमोरचा खरा प्रश्न. पुढे राजापूरची खाडी गाळाने भरत गेली आणि मोठी गलबते शहरापर्यंत येईनाशी झाली. तिथल्या वखारींचे दिवस फिरले.

१८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि कोल्हापूरचे बंदर एकदम बदलले. आता समुद्र म्हणजे मुंबई, आणि तिकडे जायची वाट मिरजेवरून. शाहू महाराजांना १८९४ मध्ये राज्याधिकार मिळाले आणि पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, त्यांनी स्टेशनाला लागून शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली. जुन्या कोल्हापुरातल्या पेठा देवळाभोवती आणि तालमींभोवती वाढलेल्या. शाहूपुरी मात्र रुळाकडे तोंड करून बसली. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली, असे आकड्यांचे पत्ते आजही तिथे चालतात. असाच आखीव प्रयोग महाराजांनी पुढे शिरोळ तालुक्यात केला, आपले वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने. जयसिंगपूरही रेल्वेच्या काठी, तिथेही रस्ते काटकोनात आणि गल्ल्या आकड्यांच्या. आज ज्याला 'लॉजिस्टिक पार्क' म्हणतात त्यात वाहतुकीच्या तोंडाशी जागा, गाडी वळेल असा रस्ता आणि व्यापाऱ्याला दुकानामागे माल ठेवायची सोय, एवढेच मूळ घटक असतात. शाहूपुरीत ते सगळे होते. फक्त छपरे कौलांची होती.

शाहूपुरीचे नाव झाले ते गुळाने. गूळ हा मोठा हट्टी माल. गुऱ्हाळे दिवाळीच्या आसपास पेटतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर विझतात. खाणारा मात्र बारा महिने खातो. म्हणजे काही महिन्यांत तयार झालेला रवा, म्हणजे गुळाची ढेप, वर्षभर पुरवायचा. आणि गूळ हवेतले पाणी ओढतो. मृगाचा पाऊस सुरू झाला की साध्या गोदामातला रवा पाझरायला लागतो, रंग काळवंडतो, चव उतरते. सोनेरी पिवळ्या रंगाला भाव देणाऱ्या गुजरातच्या बाजारात असा माल चालत नाही, आणि कोल्हापुरी गुळाचे मोठे गिऱ्हाईक तर गुजरातच. त्यामुळे गूळ साठवण्याचे काम पत्र्याच्या शेडकडून कोल्ड स्टोरेजकडे गेले, आणि यातली बरीच साठवण कोल्हापूरबाहेर, गिऱ्हाइकाच्या दारी होते. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण पावसाळ्यातल्या भाववाढीचा फायदा ज्याच्याकडे थंड खोली आहे त्याला मिळतो. शेतकरी सौद्याला रवे लावतो, अडत्याकडून पट्टी घेतो आणि घरी जातो. भाव वाढतो तेव्हा त्याच्याकडे माल नसतो.

आता साखरेकडे येऊ, कारण कोल्हापूरची गोदामे म्हणजे मुख्यतः साखरेची गोदामे.

ऊस तोडला की थांबत नाही. तोडल्यापासून जितके तास जातील तितका त्याचा साखर उतारा घटतो, म्हणून तो रात्रीबेरात्री ट्रॅक्टरवर लादून कारखान्यात नेतात. शेतकऱ्याला ऊस राखून ठेवता येत नाही. त्याचा थांबण्याचा भार पुढच्या पायरीवर, साखरेवर पडतो. कारखाना चार-पाच महिने चालतो आणि त्यात तयार झालेली साखर वर्षभर विकायची. तीही मनाला येईल तशी विकता येत नाही. जून २०१८ पासून केंद्र सरकार प्रत्येक कारखान्याला महिन्याचा कोटा ठरवून देते. तेवढीच पोती त्या महिन्यात बाहेर काढायची. त्याच वेळी साखरेला किलोमागे २९ रुपये किमान विक्री दर लावला गेला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ केला. दुसरीकडे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे शेतकऱ्याला उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, चौदा दिवसांत द्यायची. जावक महिन्यामहिन्याने आणि देणे पंधरवड्यात. या दोन तारखांच्या मधल्या फटीत कोल्हापूरची गोदामे उभी आहेत.

ही फट बँक भरून काढते. व्यवहाराचे नाव 'साखर मालतारण'. पोती कारखान्याच्याच गोदामात असतात, पण ती बँकेकडे तारण असतात. बँक पोत्याचे मूल्यांकन करते, त्यातला काही हिस्सा जोखमीसाठी बाजूला ठेवते आणि उरलेल्या रकमेची उचल देते. बँकेचा माणूस येऊन थप्प्या मोजतो. साखर विकली गेली की आधी बँकेचे पैसे, मग तेवढी पोती मोकळी. साखरेचा भाव पडला की मूल्यांकन खाली येते, उचल कमी होते आणि दोन गावे पलीकडे शेतकऱ्याच्या बिलाला उशीर होतो. ऊस आंदोलनात साखर गोदामाबाहेर पडू न देण्याचा इशारा का दिला जातो, ते यावरून समजेल. गोदामाचे दार अडवले की कारखान्याची विक्री, बँकेची वसुली आणि पुढचे कर्ज, तिन्ही एका ठिकाणी अडतात.

थोडा हिशेब करू. एक लाख क्विंटल साखर म्हणजे पन्नास किलोची दोन लाख पोती. ३१ रुपये दराने ती ३१ कोटींची झाली. समजा सगळ्या रकमेवर दहा टक्क्यांनी व्याज लागले, तर वर्षाचे तीन कोटी दहा लाख, महिन्याचे जवळपास सव्वीस लाख. एवढ्या मालाला साठ हजार चौरस फूट गोदाम लागते असे धरू, आणि त्याचे भाडे चौरस फुटाला महिना पंधरा रुपये. म्हणजे महिन्याचे नऊ लाख. दर आणि भाडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण प्रमाण लक्षात घ्यावे. मालावरचे व्याज छपराच्या भाड्याच्या जवळजवळ तिप्पट पडते. म्हणून साखरेचा माणूस गोदामाच्या भाड्याबद्दल फारसा बोलत नाही. तो बँकेचा दर, कोटा आणि निर्यात यांबद्दल बोलतो. जून २०२२ पासून निर्यातीवर निर्बंध आले तेव्हा बंदराकडे जाणारी साखर परत थप्पीला लागली, आणि त्याचा भार भाड्यापेक्षा कितीतरी जास्त व्याजावर पडला.

शेतकऱ्याला हीच सोय मिळावी म्हणून राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवा, त्याच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, व्याज सहा टक्के, मुदत सहा महिने. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या राज्य वखार महामंडळाच्या पावतीवरही बँका कर्ज देतात. योजना चांगली आहे. सोयाबीन, भात, हळद, बेदाणा यांना तिचा उपयोग होतो. पण कोल्हापूरच्या काळ्या रानात उभा असतो ऊस, आणि तो गोदामात ठेवता येत नाही.

कोल्हापूरच्या खाजगी गोदामांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती जकातीपासून सुरू होते. गावाच्या पूर्वेला वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार पोलिश बायका-मुले-म्हातारे तिथे राहिले. ते गेले आणि फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी त्याच बराकींत आले. त्या वसाहतीचे गांधीनगर झाले आणि गांधीनगरची कापडाची घाऊक पेठ झाली. कोकणातले, सीमाभागातले दुकानदार आजही लग्नसराईच्या आधी तिथे माल भरायला येतात. सिंधी व्यापाऱ्यांची चिकाटी हे कारण सगळे सांगतात आणि ते खरेही आहे. पण दुसरे कारण नकाशावर आहे. गांधीनगर कोल्हापूर पालिकेच्या हद्दीबाहेर पडते. जकात होती तोवर शहरात शिरणाऱ्या प्रत्येक गाठीवर नाक्यावर पैसे मोजावे लागत. नाक्याच्या अलीकडे माल उतरवला, तिथेच विकला आणि तिथूनच पुढे पाठवला, तर जकातीचा संबंध नाही. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर भिवंडीच्या ग्रामपंचायतींत गोदामांचे रान उगवले त्याचे मूळही हेच. कोल्हापुरात ते लहान प्रमाणात झाले. उचगाव, शिरोली, गोकुळ शिरगाव, गांधीनगर अशी शहराला कडेकडेने चिकटलेली गोदामे त्याची साक्ष देतात.

जकात गेली. १ एप्रिल २०११ ला तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, त्यावर व्यापाऱ्यांनी बंद पुकारले, मोर्चे काढले. तोही २०१५ मध्ये बहुतेकांपुरता संपला आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर (जीएसटी) सुरू झाला. गोदामे मात्र जिथे होती तिथेच राहिली. एकदा हमालांची टोळी, ट्रान्सपोर्टची कार्यालये, वजनकाटा, पंक्चरवाला आणि चहाची टपरी जमली की बाजार कराच्या कारणाशिवायही चालतो. शिवाय हद्दीचा फायदा पुरता संपलेला नाही. कोल्हापूर महानगरपालिका १९७२ मध्ये झाली, आणि तिची हद्द तेव्हापासून वाढलेली नाही. हद्दवाढीचा विषय निघाला की शहरात एक कृती समिती उभी राहते आणि गावांत दुसरी. शहर म्हणते, आमचे पाणी आणि रस्ते वापरता. गावे म्हणतात, तुमची घरफाळ्याची बिले आम्हाला नकोत. २०१७ मध्ये सरकारने बेचाळीस गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमून मधला मार्ग काढला. त्यावर दोन्ही बाजू सारख्याच नाराज आहेत. पण शेडला परवानगी कोण देणार आणि फाळा कोण घेणार, हे गोदाम बांधणाऱ्याला आधी कळायला हवे, आणि या गावांत नेमके तेच वर्षानुवर्षे डळमळीत राहिले आहे.

जीएसटीने आणखी एक गोष्ट केली, जी कोल्हापूरच्या फायद्याची झाली नाही. पूर्वी मोठी कंपनी प्रत्येक राज्यात डेपो ठेवी. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात थेट विक्री केली तर केंद्रीय विक्रीकर लागे. आपल्याच डेपोत माल हलवला तर लागत नसे. सीमेवरच्या कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात या कारणाने साबण, औषधे, रंग, बिस्किटे यांचे छोटे साठे ठेवणारे एजंट पुष्कळ होते. एक डेपो महाराष्ट्रासाठी, तासाभराच्या अंतरावर दुसरा कर्नाटकासाठी. कराचे कारण गेल्यावर कंपन्यांनी दहा छोटी गोदामे बंद करून एक मोठे घेतले, आणि ते घेतले पुण्याला किंवा बेंगळुरूला. कोल्हापूर या दोघांच्या मधे, हमरस्त्यावर आहे. गाड्या दिवसरात्र जातात, पण बहुतेक न थांबता जातात.

मोठे गोदाम म्हणजे नेमके काय, ते सांगायला हवे, कारण पत्र्याची कुठलीही शेड आता त्यात मोजत नाहीत. 'अ दर्जा' म्हणजे आत दहा-बारा मीटर मोकळी उंची, चौरस मीटरला पाच टनांच्या आसपास वजन पेलणारी सपाट फरशी, ट्रकच्या फाळक्याच्या पातळीचा धक्का, आग विझवणारे फवारे आणि चाळीस फुटी कंटेनर वळेल असे पटांगण. भाडे चौरस फुटावर ठरते, पण भाडेकरू घनफुटाचा हिशेब करतो : अठरा फुटांच्या शेडमध्ये रॅकचे तीन मजले बसतात, चाळीस फुटांत सहा. पटांगण, रस्ता, टाकी धरली तर एक लाख चौरस फुटांच्या अशा शेडला चार-पाच एकर सलग जागा हवी. कोल्हापुरात अडते ते इथे. जमीन गुंठ्यांनी वाटलेली. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानंतरही वारसांच्या नावांनी सातबारा भरलेले. चार एकर सलग घ्यायचे म्हणजे वीस-पंचवीस सह्या, त्यातल्या दोन पुण्या-मुंबईत आणि एक कोर्टात. त्यात पाण्याखालचे रान असेल तर ऊस दरवर्षी पैसे देतोच, विकायची घाई कोणाला? मग उरतात एमआयडीसीचे भूखंड : शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले. पण ते कारखान्यांसाठी आखलेले, आणि तिथला मुख्य धंदा आहे फाउंड्रीचा.

फाउंड्रीचा माल तर थांबतच नाही. कास्टिंग ऑर्डरप्रमाणे ओतायचे, घासायचे आणि पाठवायचे. कंपनीच्या लाइनवर ते ठरलेल्या दिवशी पोचले पाहिजे. निर्यातीचे असेल तर कंटेनरमध्ये ते जागेने भरण्याआधी वजनाने भरते. जागा अर्धी रिकामी दिसते आणि काटा भरलेला असतो. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाल्यापासून हा माल चारशेच्या आसपास किलोमीटर रस्त्याने तिकडे जातो. तो थांबलाच तर बंदराजवळच्या यार्डात थांबतो, आणि तिथले भाडे पनवेल-उरणच्या मालकाला मिळते. कोल्हापूरचा ट्रकवाला परतीचे भाडे शोधत बसतो.

आणखी एक गोष्ट जमिनीच्या व्यवहारात मोठ्याने बोलली जात नाही : पूर. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा नदी ५५ फुटांच्या वर गेली आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक अनेक दिवस बंद राहिली. हमरस्त्याला लागून असलेली सपाट, स्वस्त, मोठी जागा हवी असेल तर ती बहुधा नदीच्या बाजूचीच निघते. शेजारच्या सांगलीला याचा जुना अनुभव आहे. हरिपूरला कृष्णा-वारणा संगमाजवळच्या मातीत खोल पेवे खणून त्यात हळद ठेवत. आत हवा नसल्याने कीड लागत नसे आणि हळद वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर आतली कोंदट हवा निघून जाईपर्यंत काही तास कोणी उतरत नसे. गोदामाची इतकी स्वस्त आणि हुशार रीत दुसरी सापडणे अवघड. २००५ च्या महापुराने त्यातली बहुसंख्य पेवे बुडवली आणि व्यापार पत्र्याच्या शेडकडे वळला.

२०२४ मध्ये राज्याने लॉजिस्टिक धोरण जाहीर केले आणि प्रादेशिक केंद्रांच्या यादीत कोल्हापूर-इचलकरंजी घातले. इचलकरंजीचे सूत आणि कापड हा खरोखर थांबणारा माल आहे. सूत भाव पाहून घेतले जाते आणि कापड गिऱ्हाइकाची वाट पाहते, त्यामुळे या जोडीला अर्थ आहे. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेची घोषणा मात्र २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पातली. शंभरेक किलोमीटरच्या त्या मार्गाने कोल्हापूर कोकण रेल्वेला जोडले जाईल आणि जयगडसारखे बंदर रुळाच्या टप्प्यात येईल, असा हिशेब. गगनबावड्याच्या बाजूला जमिनी पाहणारे लोक त्या वेळेपासून फिरतात. माझ्या मते त्यांनी थोडे थांबावे. बोगद्यांचा हा मार्ग झाला तरी जयगडकडून कंटेनरच्या नियमित बोटी सुटल्याशिवाय कास्टिंग तिकडे वळणार नाही, आणि साखर तिकडे वळेल की नाही ते दिल्लीचा निर्यात आदेश ठरवील.

तोपर्यंत कोल्हापुरात पैसे घालायचेच असतील तर बारा मीटर उंच शेडपेक्षा थंड खोलीचा विचार करावा. बारा महिने खपणारा गूळ पावसाळ्यात बाहेरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जातो, आणि तो इथेच ठेवण्याइतपत जागा गूळ मार्केट स्टेशनच्या परिसरात आजही निघेल. विजेचे बिल मोठे येते, कर्ज फेडायला वर्षे लागतात आणि चार अडते एकत्र यावे लागतात. त्यांतली शेवटची अट सगळ्यांत कठीण आहे.